इटलीचे सण आणि आपल्या मालाची तारीख

कापडाच्या धंद्यात भाव चुकला तर एका सौद्यात नुकसान होते. तारीख चुकली तर पार्टीच हातची जाते. ही गोष्ट आम्ही 2009 सालच्या ऑगस्टमध्ये पदरचे पैसे मोजून शिकलो.

त्या वर्षी उत्तर इटलीतल्या कोमो शहरातील एका व्यापाऱ्याने आमच्याकडून सुती स्टोल घेतले. विणाई यंत्रमागावरची, पण टोकाचे गोंडे हाताने बांधलेले. गोंडे बांधणाऱ्या बायांची मजुरी माल उचलला गेल्यावर द्यायची होती. माल जुलैत न्हावाशेवाहून निघाला आणि 13 ऑगस्टला जिनोआ बंदरात उतरला. पार्टीने बँकेत पैसे भरायचे, कागद सोडवायचे आणि कंटेनर उचलायचा, असा करार. 14 तारखेला आम्ही फोन लावला. घंटी वाजत राहिली. ईमेल केला तर आपोआप उत्तर आले की कार्यालय 30 ऑगस्टपर्यंत बंद आहे. 31 तारखेला, सोमवारी, पुन्हा फोन केला. तरी कोणी उचलला नाही. 1 सप्टेंबरला मालक भेटले आणि सहज म्हणाले, "काल आमच्या गावच्या संताचा दिवस होता."

तोपर्यंत कंटेनरवर डेमरेज चढले होते. रमजान सुरू झाला होता आणि सप्टेंबरातच ईद होती. बायांची मजुरी आम्ही उसने घेऊन ईदच्या आधी चुकती केली; आमचे पैसे मात्र ईदनंतर आले. पार्टी बेइमान नव्हती. तिने पूर्ण रक्कम दिली. चूक आमची होती. ज्याच्याशी व्यापार करायचा त्याच्या घरी सण केव्हा आणि सुटी किती, हे आम्ही विचारलेच नव्हते. ही ठोकर आमच्या इतर व्यापारी आणि कारागीर बांधवांना लागू नये, म्हणून हा लेख.

सरकारी सुट्या किती?

इटलीत ईस्टरचा रविवार सोडला तर सध्या बारा राष्ट्रीय सुट्या आहेत. 1 जानेवारी नववर्ष, 6 जानेवारी एपिफनी, ईस्टरनंतरचा सोमवार, 25 एप्रिल मुक्ती दिन, 1 मे कामगार दिन, 2 जून प्रजासत्ताक दिन, 15 ऑगस्ट फेर्रागोस्तो, 4 ऑक्टोबर संत फ्रान्सिस, 1 नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस, 8 डिसेंबर, मग 25 आणि 26 डिसेंबर. यातली 4 ऑक्टोबरची सुटी नवी आहे. 2025 साली कायदा होऊन ती 2026 पासून परत आली. संत फ्रान्सिस यांचे निधन 1226 साली झाले, त्याला 2026 मध्ये आठशे वर्षे होतात. जुने कॅलेंडर भिंतीवर असेल तर त्यात ही सुटी सापडणार नाही.

सुटी रविवारी आली तर तिच्या बदल्यात सोमवार मिळत नाही. पण सुटी मंगळवारी किंवा गुरुवारी आली की मधला सोमवार किंवा शुक्रवारही लोक रजा टाकून जोडून घेतात. याला ते 'पोंते', म्हणजे पूल म्हणतात. 2026 मध्ये 2 जून मंगळवारी येतो. तेव्हा सोमवार 1 जूनलाही अनेक टेबले रिकामी असणार, हे धरून चालावे.

नाताळ : एक दिवस नव्हे, एक महिना

आपण मराठीत 'नाताळ' म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. इटालियन लोक 'नाताले' म्हणतात. दोन्हींचे मूळ लॅटिनमधले, अर्थ जन्माचा दिवस. हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना आपण अल्लाहचे पैगंबर मानतो आणि हजरत मरियम यांच्या नावाची सूरह कुरआन शरीफमध्ये आहे. ख्रिस्ती लोकांचा अकीदा वेगळा आहे, तो त्यांचा. व्यापाऱ्याने एवढे ओळखावे की समोरच्या माणसासाठी हा वर्षातला सर्वांत मोठा काळ आहे.

हा काळ 8 डिसेंबरला सुरू होतो. हजरत मरियम जन्मतःच पापापासून मुक्त होत्या, या कॅथलिक श्रद्धेचा हा दिवस. त्या दिवशी घरोघर झाड सजवतात आणि गोठ्याचा देखावा मांडतात. गोठ्याला ते 'प्रेसेपे' म्हणतात. आपल्या वसईत आणि गोव्यात नाताळात जे गोठे दिसतात, त्यांचीच ही मूळ परंपरा. संत फ्रान्सिस यांनी 1223 साली ग्रेच्चो गावात जिवंत जनावरांसह असा देखावा केला, तिथून ही प्रथा पसरली असे मानतात.

कारागीर बांधवांनी नेपल्स शहराची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची एक अरुंद गल्ली आहे. या गल्लीतले कारागीर बारा महिने फक्त गोठ्याच्या मूर्ती घडवतात. जुन्या पद्धतीच्या मूर्तीचे डोके भाजलेल्या मातीचे, डोळे काचेचे, हातपाय लाकडाचे, अंग तारेला ताग गुंडाळून केलेले आणि कपडे खऱ्या कापडाचे. कोळी, कसाई, भाजीवाला, पूर्वेकडचे पगडीधारी लोक आणि वाजंत्री, सारा बाजार त्या देखाव्यात असतो. नव्या काळात फुटबॉलपटू मॅराडोना आणि राजकीय पुढारीही त्यात आले. सण एक महिन्याचा, पण गल्लीची रोजी वर्षभराची. हंगामी मालावर बाराही महिने कसे जगावे, याचा हा धडा आहे.

24 डिसेंबरला सरकारी सुटी नाही, पण दुपारनंतर काम होत नाही. त्या रात्री जेवणात मांस नसते, मासळी असते. नेपल्सकडे मोठी ईल मासळी आवर्जून करतात. मध्यरात्री चर्चमध्ये प्रार्थना होते. 25 तारखेचे दुपारचे जेवण घरच्यांबरोबर. बोलोन्याकडे मांसाच्या रस्सात शिजवलेल्या छोट्या तोर्तेलिनी, मिलानचा मनुके घातलेला पानेत्तोने, वेरोनाचा पांदोरो, असा प्रत्येक भागाचा पदार्थ वेगळा. पानेत्तोनेची गोष्ट तर अशी की 2005 सालच्या सरकारी आदेशाने त्यात लोणी किमान 16 टक्के असलेच पाहिजे, नाहीतर त्या नावाने तो विकता येत नाही. नावाची इज्जत माल राखतो आणि मालाची इज्जत कायदा राखतो.

26 तारीख संत स्तेफानो यांची. नातेवाईकांकडे जाण्याचा हा दिवस. लोकरीच्या चिंध्यांपासून पुन्हा सूत काढणाऱ्या प्रातो शहराचे हेच ग्रामसंत. म्हणून तिथे या दिवसाला दुहेरी मान.

31 डिसेंबरच्या रात्री मसूर खातात. मसुराचा दाणा नाण्यासारखा चपटा, म्हणून नव्या वर्षी पैसा यावा ही भावना. त्या रात्री लाल रंगाचे आतले कपडे घालणे शुभ मानतात. त्यामुळे डिसेंबरात होजिअरीच्या दुकानांत लाल रंगच लाल रंग दिसतो. होजिअरीवाल्या बांधवांनी हे टिपून ठेवावे. मात्र हा माल डिसेंबरात पाठवून उपयोगाचा नाही, तेव्हा तो दुकानात टांगलेला हवा.

शेवट 6 जानेवारीला. त्या दिवसाच्या आदल्या रात्री बेफाना नावाची म्हातारी झाडूवर बसून येते आणि मुलांच्या मोज्यांत खाऊ भरते, खोडकर मुलांना कोळसा देते, अशी समजूत आहे. आजकाल कोळसाही काळ्या साखरेचाच असतो. बेर्गामो, ब्रेशा, वेरोना या भागांत मुलांच्या भेटी 13 डिसेंबरला संत लुचियाच्या दिवशीच देतात. म्हणजे भेटवस्तूंचा बाजार सगळीकडे एकाच तारखेला नसतो. इटालियन म्हण आहे की एपिफनी येते आणि सारे सण घेऊन जाते. 20 डिसेंबर ते 7 जानेवारी या दिवसांत नवा सौदा, भावाची बोलणी, तक्रारीचा निकाल यांपैकी काहीही होईल अशी आशा धरू नये.

ईस्टर : चंद्राचा हिशेब

नाताळची तारीख ठरलेली, ईस्टरची फिरती. 21 मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या मध्येच येतो. आपली ईद चंद्रावर चालते म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि सगळे ऋतू फिरून येते. ईस्टर चंद्र पाहतो, पण वसंत ऋतू सोडत नाही. 2026 मध्ये ईस्टर 5 एप्रिलला, 2027 मध्ये 28 मार्चला आहे.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवस संयमाचे आणि त्याच्याही आधी कार्निव्हल. व्हेनिसचे मुखवटे आणि मखमली, जरीचे पोशाख जगात माहीत आहेत. ईस्टरच्या रविवारी चॉकलेटची मोठी अंडी आणि कबुतराच्या आकाराचा केक. सोमवारी लोक डबे घेऊन गावाबाहेर जातात. त्यांची एक म्हण आहे : नाताळ घरच्यांबरोबर, ईस्टर मनाला येईल त्याच्याबरोबर. म्हणून ईस्टरला लोक प्रवासाला निघतात आणि आठवडाभर जागेवर सापडत नाहीत.

राष्ट्रीय दिवस

25 एप्रिल हा 1945 साली फॅसिस्ट आणि जर्मन अंमलातून सुटका झाल्याचा दिवस. 2 जून 1946 रोजी मतदान होऊन राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आले. त्या वेळी स्त्रियांनीही मत दिले. 25 एप्रिल ते 1 मे हा आठवडा अनेक कारखाने अर्धाच धरतात.

ऑगस्ट : सर्वांत धोक्याचा महिना

आमचे नुकसान केले ते याच महिन्याने. 15 ऑगस्टला आपण झेंडा फडकवतो. तिकडे फेर्रागोस्तो असतो. रोमचा बादशहा ऑगस्टस याने इसवीसनपूर्व 18 साली शेतीची कामे संपल्यावर विश्रांतीचे दिवस सुरू केले, त्याचे हे नाव. पुढे चर्चने हजरत मरियम यांचा सण त्याच तारखेला धरला. आज हा समुद्रावर आणि डोंगरात जाण्याचा काळ आहे. विणाई, रंगाई, फिनिशिंगचे कारखाने दोन ते तीन आठवडे, काही तर चार आठवडे बंद. दारावर पाटी लागते : रजेमुळे बंद.

भिवंडी-मालेगावच्या बांधवांना हे समजायला वेळ लागू नये. ईदला किंवा लग्नसराईत कारीगर मुलुखी गेले की आपलेही माग थंड पडतात. त्या दिवसांत कुणी तातडीची ऑर्डर घेऊन आला तर आपण काय करतो? हात जोडतो. फरक इतकाच की आपले एक गाव बंद होते, त्यांचा जवळजवळ सारा देश बंद होतो. बंदर चालू असते, पण कागदावर सही करणारा माणूस समुद्रावर असतो.

गावचा संत

राष्ट्रीय सुट्यांशिवाय प्रत्येक शहराला आपल्या संताची एक सुटी. रोम 29 जून. फ्लोरेन्स, तुरिन आणि जिनोआ 24 जून. नेपल्स 19 सप्टेंबर. कोमो 31 ऑगस्ट. मिलान 7 डिसेंबर. मिलानमध्ये 7 आणि 8 डिसेंबर लागून येतात. 2026 मध्ये हे सोमवार-मंगळवार आहेत, म्हणजे शनिवारपासून चार दिवस मिलान बंद. व्हेनिसचा संत 25 एप्रिललाच येतो.

काही गावांचे स्वतःचे उत्सवही आहेत. सिएना शहरात 2 जुलै आणि 16 ऑगस्टला घोड्यांची शर्यत होते. तिचे नाव पालिओ आणि जिंकणाऱ्या मोहल्ल्याला बक्षीस मिळते ते सोन्याचे नव्हे, चित्र काढलेल्या रेशमी निशाणाचे. कापडाला एवढा मान देणारे लोक आहेत, हे विणकराने ऐकून खूश व्हावे.

एक जपण्याची गोष्ट. 1 नोव्हेंबरला आणि 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशी लोक कबरींवर शेवंतीची फुले वाहतात. म्हणून इटालियन माणसाला शेवंतीचा गुच्छ भेट देऊ नये आणि शेवंतीची छपाई पाठवण्याआधी विचारून घ्यावे.

पैसा केव्हा फिरतो?

तिकडच्या नोकरदारांना डिसेंबरात तेरावा पगार मिळतो, आपल्या दिवाळी बोनससारखा. व्यापार क्षेत्रात उन्हाळ्याच्या तोंडावर चौदावाही मिळतो. दुकानदाराची मोठी विक्री नोव्हेंबरअखेर ते 24 डिसेंबर. नंतर बहुतेक भागांत एपिफनीच्या अगोदर हिवाळी सेल लागतो, उन्हाळी सेल जुलैच्या पहिल्या शनिवारी. सेलच्या दाराशी पोहोचलेला माल पूर्ण भावाचा राहत नाही.

वसुलीबाबत दोन गोष्टी. इटलीत 60 किंवा 90 दिवसांची उधारी बहुधा महिनाअखेरपासून मोजतात, आणि ऑगस्टअखेर व डिसेंबरअखेरची देणी पुढच्या महिन्याच्या 10 तारखेवर ढकलण्याची पद्धत अनेक घरांत आहे. करारात हे छोट्या अक्षरांत असते. वाचून सही करावी. दुसरे, युरोची मोठी बँक व्यवस्था 1 जानेवारी, गुड फ्रायडे, ईस्टर सोमवार, 1 मे, 25 आणि 26 डिसेंबरला बंद असते. गुड फ्रायडेला इटलीत सुटी नाही, पण पैसा त्या दिवशीही हलत नाही.

तिथले मुसलमान

इटलीत लाखो मुसलमान राहतात. रोमची मोठी मशीद 1995 साली खुली झाली. पण ईदला सरकारी सुटी नाही. यहुद्यांशी आणि 2012 च्या कायद्याने हिंदू संघटनेशी सरकारचा करार आहे, दिवाळीला त्यात मान्यता आहे. मुसलमानांशी असा करार अजून झालेला नाही. मिलानजवळच्या पिओल्तेल्लो गावातील एका शाळेत मुसलमान मुले बरीच. तिने 10 एप्रिल 2024 रोजी ईदची सुटी दिली तर देशभर वाद झाला. म्हणून तिकडची पार्टी आपली ईद ओळखत असेल असे समजू नये. आपणच तिला कळवावी.

तारीख उलटी मोजावी

शेवटी कामाची गोष्ट. नाताळचा माल दुकानात नोव्हेंबरच्या मध्याला हवा. म्हणजे आयातदाराच्या गोदामात तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोहोचावा. न्हावाशेवाहून सुएझमार्गे इटलीला साधारण तीन-चार आठवडे लागतात. 2023 च्या अखेरीस लाल समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि दहा-पंधरा दिवस वाढले. म्हणून बुकिंगच्या वेळी मार्ग विचारावा. या हिशेबाने माल ऑगस्टमध्ये जहाजावर चढायला हवा. त्याचा नमुना, रंग आणि भाव यांची मंजुरी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापूर्वीच लेखी घ्यावी, कारण त्यानंतर सप्टेंबरपर्यंत हो म्हणायला कोणी नसतो. कंटेनर 5 ते 31 ऑगस्टच्या दरम्यान इटलीच्या बंदरात उतरेल असे कधीही करू नये. उतरणारच असेल तर पार्टीच्या कस्टम एजंटकडे आधीच कागद आणि अधिकारपत्र पोहोचवावे.

ऑर्डर घेताना आता आम्ही पहिल्याच पत्रात दोन प्रश्न विचारतो : आपला कारखाना किती तारखेपासून किती तारखेपर्यंत बंद, आणि आपल्या गावच्या संताचा दिवस कोणता? त्याच पत्रात आमच्या दोन्ही ईदच्या अंदाजे तारखा, चंद्रदर्शनाने एक दिवस इकडे-तिकडे होईल या खुलाशासह, कळवतो. कोमोच्या त्याच व्यापाऱ्याला पुढच्या वर्षी आम्ही 31 ऑगस्टच्या शुभेच्छा लिहिल्या. उत्तरात त्याने विचारले की तुमच्या गोंडे बांधणाऱ्या बायांची ईद यंदा केव्हा आहे. त्या वर्षी पैसे ईदच्या आठ दिवस आधी आले.

सण त्यांचे त्यांना, आपले आपल्याला. पण एकमेकांच्या तारखा माहीत असल्या की मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी हातात पडते. आमच्या मते व्यापारातली खरी बरकत हीच आहे.